ग्राउंड संपल्यानंतरचं धावणं

महाराष्ट्राच्या खेड्यात पहाटे कोणी रस्त्याने पळताना दिसलं की बघणाऱ्याच्या तोंडी एकच प्रश्न येतो: कुठली भरती आहे? प्रश्न अगदी रास्त आहे. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. पन्नास गुणांच्या मैदानी चाचणीतले वीस गुण या धावेला असतात आणि मुलाने ५ मिनिटं १० सेकंदांत अंतर संपवलं तरच ते वीसच्या वीस पदरात पडतात. अग्निवीर भरतीतही १.६ किलोमीटरची धाव आहेच. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं वळसंग घ्या, नाहीतर आजूबाजूचं कुठलंही गाव घ्या; तरण्या पोरांची धावण्याशी ओळख होते ती या वाटेनेच. मुलं त्याला ‘ग्राउंड’ म्हणतात. ग्राउंडला मार्क पडले तर पुढे लेखी, नाही पडले तर पुढच्या जाहिरातीची वाट, आणि एकदा वय उलटलं की बूट माळ्यावर. धावण्याला सुरुवात असते, शेवट असतो, आणि दोन्हींच्या मध्ये सेकंदांचा हिशेब असतो.

हा हिशेब संपल्यावर किंवा तो कधीच नसताना जो धावायला लागतो, तो हौशी धावपटू. शाळामास्तर, कापडाचा दुकानदार, पतसंस्थेतला कारकून, मुलं हाताशी आलेली गृहिणी. यांना मार्क द्यायला कोणी बसलेलं नसतं. तरीही ते स्वतःला मार्क देत राहतात, आणि तेही भरतीच्याच रिवाजाने: गेल्या आठवड्यापेक्षा आज वेळ कमी लागला का? लागला तर दिवस चांगला, नाही तर आपल्यातच काहीतरी खोट. सोमवारी सहा किलोमीटर कसे संपले ते कळत नाही आणि बुधवारी तिसऱ्यातच धाप लागते. मग ‘आता वय झालं’, ‘आपल्याला नाही जमायचं’ असे निष्कर्ष निघतात आणि महिन्याभरात पहाटेचा गजर बंद होतो. माझं म्हणणं असं आहे की या चढउतारांतले बहुतेक उतार खरे उतार नसतातच. हवा, झोप, ऋतू, घर आणि शेत यांचा भार घड्याळाला दिसत नाही, म्हणून तो आपल्या नावावर अपयश म्हणून चढतो. परीक्षेला घड्याळ हवंच. पण ज्याला साठीपर्यंत धावायचं आहे त्याने रोज त्याच्यावर स्वतःला तोलणं हे चुकीच्या मापाने धान्य मोजण्यासारखं आहे.

हवेपासून सुरुवात करू, कारण सोलापूर जिल्ह्यात तिच्यापासून सुटका नाही. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा साधारण पाऊण हिस्सा हालचालीसाठी वापरला जात नाही, त्याची उष्णता होते. ती बाहेर टाकायला शरीराकडे मुख्यतः दोन उपाय असतात. रक्त कातडीकडे वळवायचं आणि घाम काढून तो वाळू द्यायचा. कातडीकडे वळलेलं रक्त तेवढ्यापुरतं पायांच्या वाट्याचं कमी होतं. घामावाटे पाणी गेलं की एकूण रक्तही आटतं. मग तेवढंच काम निभवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. जानेवारीतल्या पंधरा-सोळा अंशांच्या पहाटे जो वेग सहज वाटतो, तोच वेग मेमध्ये, दुपारचा पारा चाळिशीला आणि पहाटेचाही पंचविशीच्या आसपास असताना, अवघड वाटतो. यात इच्छाशक्तीचा प्रश्न कुठे येतो? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अनेक मॅरेथॉनांचे निकाल त्या त्या दिवसाच्या हवेशी ताडून पाहिले गेले. उष्मा वाढला की सगळेच मंदावतात हे दिसलंच. पण पुढे धावणाऱ्यांपेक्षा मागे धावणारे जास्त मंदावतात हेही दिसलं. म्हणजे उन्हाळ्याचा दंड अव्वल खेळाडूपेक्षा हौशी माणसाला अधिक बसतो. आणि अव्वल खेळाडूही काही सुटत नाहीत. २०१९ मध्ये दोहा इथे जागतिक स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन उन्हं टाळण्यासाठी मध्यरात्री सुरू केली, तरी तीस अंशांच्या वरच्या दमट हवेत ६८ जणींपैकी ४० जणीच शेवटपर्यंत पोहोचल्या. निवडलेल्या, वर्षानुवर्षं सराव केलेल्या बायका होत्या त्या. तिथे आपल्या मास्तरांनी एप्रिलमध्ये किलोमीटरमागे अर्धं मिनिट गमावलं म्हणून खंतावायचं कारण नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्याची आणखी एक गंमत आहे, आणि ती थोडी फसवी आहे. इथली उन्हाळी हवा कोरडी. घाम आला आला म्हणेपर्यंत वाळतो, त्यामुळे अंग थंड राहायला मदत होते. पण किती पाणी गेलं याचा पत्ता लागत नाही. बनियन कोरडी आणि त्यावर मिठाचे पांढरे ओघळ, एवढीच काय ती खूण. मुंबईत उलट. तिथे घाम वाळतच नाही, नुसता गळतो, आणि गळणाऱ्या घामाने अंग निवत नाही. म्हणून वर्षभर वळसंगच्या रस्त्यावर धावलेला माणूस जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला जातो तेव्हा पारा त्याच्या उन्हाळ्याहून कितीतरी खाली असूनही दमटपणा त्याला चकवतो. पाण्याबद्दलही एक भाबडी समजूत आहे, की जितकं प्याल तितकं चांगलं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडिअम सामान्य पातळीच्या खाली उतरलेलं आढळलं, आणि त्याच्याशी सर्वांत ठळक संबंध दिसला तो धावताना वजन वाढण्याशी, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिण्याशी. तहान लागेल तसं प्यावं, लांब धावेनंतर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत घ्यावं, इतकं पुरे. बाकी शरीर हळूहळू सरावतं. उन्हाळा लागल्यावर दहा-चौदा दिवस रोज थोडं थोडं धावलं की घाम लवकर सुटू लागतो, रक्तातलं पाणी वाढतं आणि ठोके खाली येतात. ते दोन आठवडे मात्र वाईटच जायचे. ते वाईट जाणं हाच सराव.

कोणी म्हणेल, ही सगळी सबब झाली. जिद्दीचे खेळाडू परिस्थितीवर मात करतातच की! मग जिद्दीच्या खेळाडूचंच पाहू. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, सैन्यातला जवान, ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रमवीर. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो प्राथमिक फेरीतच बाद झाला. सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने स्पर्धाविक्रमासह सुवर्णपदक घेतलं. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम, पुढच्याच महिन्यात तिथेच ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा, आणि जुलै २०२५ मध्ये मोनॅकोत पडून गुडघ्याच्या अस्थिबंधाला दुखापत. प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, विश्रांती, सगळं हाताशी असलेल्या माणसाचा आलेख असा. मग सकाळी धावून, दिवसभर फळ्यासमोर उभं राहून, रात्री लग्नाच्या वरातीत जागलेल्या माणसाचा आलेख सरळ चढता राहावा ही अपेक्षा कुठून आली? साबळेच्या बुडापेस्टवरून कोणी ‘तो संपला’ म्हणालं असतं तर दीड महिन्यात तोंडावर पडलं असतं. आपण मात्र एका बुधवारवरून स्वतःबद्दल हेच म्हणतो.

गावाकडच्या धावणाऱ्याचं ऋतुमान शहराहून वेगळं असतं, आणि त्याच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. धावायला उत्तम काळ म्हणजे दिवाळी ते शिवरात्र. पहाट गार, आकाश निरभ्र, दोन्ही बाजूंना ज्वारी पोटरीतून कणसात आलेली. पण हाच उसाचा हंगाम. रात्रभर कारखान्याकडे चाललेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकांना मागचा दिवा नाही की चमकती पट्टी नाही, आणि ट्रॉलीबाहेर आलेले उसाचे शेंडे. म्हणजे हवा बोलावते तेव्हा रस्ता नको म्हणतो. अक्कलकोट रस्ता रुंद झाल्यापासून वाहनांचा वेग वाढला आहे. अंधारात त्याच्या कडेने धावणं हे धाडस नाही, अविचार आहे. गावातल्या गल्ल्यांत शिरावं तर कुत्री. शेताच्या वाटेने जावं तर उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडलेल्या, पाऊल मुरगळायला एक भेग पुरते. आणि पावसाळ्यात तीच माती बुटाला अशी चिकटते की पाच मिनिटांत पाय उचलवत नाही. त्यात इथला मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात, म्हणजे जानेवारीच्या स्पर्धांसाठी अंतर वाढवायला घ्यायचं नेमकं तेव्हा. मधे सुगी, मधे लग्नसराई, मधे यात्रा. दोन-तीन आठवडे सहज बुडतात. १९८४ च्या एका गाजलेल्या प्रयोगात चांगला सराव असलेल्या धावपटू-सायकलपटूंनी व्यायाम पूर्ण थांबवला तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी घटली. सात टक्के म्हणजे परत आल्यावर पहिले चार दिवस जड जाणार, एवढाच याचा अर्थ. सगळं पुसलं गेलं असा नाही. पण घड्याळ लावून परतणारा माणूस पहिल्याच दिवशी जुना वेग शोधतो, तो सापडत नाही, आणि जिथे फक्त सात टक्के गेले होते तिथे तो उरलेले त्र्याण्णवही सोडून देतो.

यावर उपाय काय, तर हळू धावणं. ऐकायला तो उपाय कमी आणि पळवाट जास्त वाटते. पण सहनशक्तीच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी संशोधक स्टीफन सायलर यांनी तपासल्या, तेव्हा त्यांच्या सरावातला साधारण ८० टक्के भाग सावकाश, सुखाने होईल असा असतो आणि उरलेलाच कष्टाचा, असं त्यांना दिसलं. हौशी माणूस नेमका उलटा वागतो. त्याची प्रत्येक धाव मध्यम कष्टाची: विश्रांती मिळेल इतकी हळू नाही आणि वेग वाढेल इतकी जलदही नाही. हळू म्हणजे किती, याला घड्याळ लागत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं, घरादाराच्या चौकशा करता आल्या, म्हणजे वेग बरोबर. शब्द तुटायला लागले की कमी करायचा. या मापाचं मोठेपण असं की त्यात हवा, झोप, कालचं जागरण, सगळं आपोआप धरलं जातं. मे महिन्यात त्याच कष्टाला वेग कमी येईल, डिसेंबरात जास्त. कष्ट मात्र तेच राहतील. भरतीची पोरं यावर हसतील, आणि त्यांना ५ मिनिटं १० सेकंद गाठायचे असल्याने त्यांच्या जागी ते बरोबरही असेल, कारण १६०० मीटरला वेगाच्या सरावाला पर्याय नाही. पण रोज रोज १६०० ची चाचणीच देत राहणाऱ्या मुलाची नडगी चाचणीच्या आधीच दुखायला लागते, हे मैदानावर वर्षभर उभं राहिलेला कोणताही प्रशिक्षक सांगेल.

दुखण्याचा विषय निघाला की गुडघे आलेच. ‘धावलं की गुडघ्यांची वाट लागते’ हे वाक्य घरातले सगळेच म्हणतात. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे वेगळंच सांगतात. खुब्याची किंवा गुडघ्याची झीज स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के, अजिबात न धावणाऱ्यांत १०.२ टक्के आणि हौशी धावणाऱ्यांत अवघी ३.५ टक्के. यातून धावण्यामुळेच गुडघे वाचले असा निष्कर्ष काढण्याची घाई मी करणार नाही. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते धावायला उतरतच नाहीत, हाही त्यातला एक भाग असणार. पण बेताने धावल्याने गुडघे जातात, हे म्हणणं मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही. खरी दुखापत येते ती अचानक वाढवलेल्या अंतरातून. ‘आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका’ हा मंत्र सगळीकडे ऐकू येतो, पण नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावपटूंवर त्याची चाचणी घेतली तेव्हा मंत्र पाळणारे आणि न पाळणारे यांच्यात जखमी होणारे सारखेच निघाले, दोन्हीकडे सुमारे वीस टक्के. पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या २०२५ मधल्या एका अभ्यासाने बोट ठेवलं ते दुसऱ्याच ठिकाणी: आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवशी, गेल्या महिनाभरातल्या आपल्या सर्वांत लांब धावेच्या बरंच पुढे जाणं. म्हणजे पंधरा दिवसांच्या खाड्यानंतर मित्राच्या आग्रहाने रविवारी थेट सोलापूर ते वळसंग, साधारण वीस-बावीस किलोमीटर, हेच ते. चांगल्या दिवसाचा उत्साह वाईट दिवसाच्या मरगळीपेक्षा महाग पडतो.

आता सर्वांत जुना आक्षेप. शेतात राबणाऱ्यांच्या मुलखात हे धावण्याचं खूळ कशाला? जो दिवसभर ऊस तोडतो त्याला धावायला सांगणं ही खरोखर थट्टा आहे, आणि हा लेख त्याच्यासाठी नाही. पण वळसंगसारख्या गावातही आता प्रत्येकजण ऊस तोडत नाही. नांगरट ट्रॅक्टरने, शेतावर जाणं मोटारसायकलने, दिवस दुकानाच्या गादीवर किंवा कचेरीच्या खुर्चीवर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच्या जोडीला पन्नास हजारांहून अधिक प्रौढांवरचा, पंधरा वर्षं चाललेला २०१४ चा अमेरिकी अभ्यास ठेवला तर धावणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा ३० टक्क्यांनी कमी होतं, आणि रोज पाच-दहा मिनिटं, तेही सावकाश धावणाऱ्यांनाही फायदा दिसत होता. हृदयाला ५ मिनिटं १० सेकंद लागत नाहीत.

या आक्षेपाच्या पोटात दुसरा एक आहे, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो: विनाकारण धावणं आपल्यात नाही. आपण सांगतो त्या धावण्याच्या सगळ्या कथा गरजेच्या आहेत. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून बारामतीत नऊवारीत अनवाणी धावलेल्या लता करे, माण तालुक्यातल्या मोहीच्या दुष्काळातून रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेलेली ललिता बाबर, आणि साबळे. या कथा खऱ्या आहेत, मोठ्या आहेत. पण त्या ऐकत वाढलेल्या माणसाला वाटू लागतं की पोट किंवा पदक यांखेरीज धावायला कारणच असू शकत नाही. हे खरं नाही, आणि त्याचा पुरावा सोलापूर जिल्ह्यातच आहे. आषाढीच्या वारीत माळशिरस तालुक्यात वेळापूरच्या अलीकडे ‘धावा’ होतो. तिथून पंढरीचा कळस दिसला आणि तुकोबा धावत सुटले, अशी श्रद्धा. म्हणून शेकडो किलोमीटर चाललेले वारकरी तिथे उतारावरून पळत सुटतात. रिंगणात पताकावाले, तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका, वीणेकरी, पखवाजवाले आळीपाळीने धावतात. सत्तरीचा म्हातारा धावतो. कोणी वेळ लावत नाही, कोणी कोणाला मागे टाकत नाही. भक्तीतलं धावणं आणि तब्येतीसाठीचं धावणं एकच आहे असं म्हणण्याचा आगाऊपणा मला करायचा नाही; पण निकालाविना धावणारी माणसं या मातीला परकी नाहीत, एवढं तरी त्यातून सिद्ध होतं.

मग स्पर्धांना जाऊच नये का? ध्येय नसलं की माणूस ढेपाळतो, हा आक्षेप खरा आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून, मुंबईची २००४ पासून, साताऱ्याची घाटातली अर्धमॅरेथॉन २०१२ पासून. यांनी हजारो लोकांना पहाटे उठवलं आहे. तारीख भिंतीवर असली की गजर बंद करताना हात थबकतो. वर्षातून एक-दोन दिवस घड्याळाला द्यायला हरकत नाही, बाकीचे त्याच्याकडून काढून घ्यावेत. आणि त्या एका दिवसाचंही फार मनावर घेऊ नये. २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन गारठ्यात, पावसात, समोरच्या वाऱ्यात झाली. नावाजलेले एकामागून एक गळाले आणि जिंकला युकी कावाउची, जपानमधल्या सैतामा प्रांताचा पूर्णवेळ सरकारी नोकर. त्याची वेळ, २ तास १५ मिनिटं ५८ सेकंद, तिथल्या विजेत्यांच्या कित्येक दशकांतल्या वेळांपेक्षा मंद होती. आकडा वाईट, दिवस सर्वांत चांगला.

बायकांच्या बाबतीत मात्र हे सारं विवेचन अपुरं पडतं, कारण तिथे उतार बहुतेक वेळा धावायला मिळण्यापूर्वीच सुरू होतो. भरतीची तयारी करणाऱ्या मुलीला आता गाव वाट देतं. तिच्या ट्रॅकपँटकडे पूर्वीइतकं वळून पाहत नाही, कारण तिच्या धावण्याला नोकरीचं कारण आहे. तीच मुलगी लग्नानंतर तिशीत, कारणाशिवाय धावायला निघाली तर पहिला प्रश्न सासूचा, दुसरा शेजारणीचा, आणि तिसरा अंधाराचा. पहाटे पाच ते सहा हीच घरातली पाणी भरण्याची, डब्यांची वेळ. सात वाजता ऊन आणि नजरा दोन्ही चढलेल्या. तिला ‘हळू धाव, घड्याळ विसर’ हा सल्ला देऊन उपयोग नाही. तिला हवी आहे जागा: रस्त्यापासून दूर, उजेडातली, जिथे दोन-तीन जणी एकत्र फिरतात म्हणून चौथीलाही यावंसं वाटेल. बहुतेक गावांत अशी जागा असते, ती शाळेचं मैदान. त्याचं फाटक पहाटे साडेपाचला उघडणं आणि कोपऱ्यात दोन दिवे लावणं, हा ग्रामसभेतल्या एका ठरावाचा विषय आहे. आणि ठराव मांडताना कोणी ‘कुठली भरती आहे?’ असं विचारलं, तर ‘कुठलीच नाही’ असं इतिवृत्तात लिहून घ्यायलाही हरकत नसावी.